थंडीतला व्यायाम आणि अंगावरचे कपडे

दिवाळी उलटली, कापसाची वेचणी सुरू झाली आणि शिवारातली तूर फुलावर आली की आपल्या वऱ्हाडात सकाळी फिरायला निघणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे नेणाऱ्या या मुलखात मोकळ्या हवेत व्यायाम करायला खरे तर हेच तीन-चार महिने हक्काचे. आमच्या मूर्तिजापुरात पहाटे बाहेर पडलात तर तीन प्रकारची मंडळी हमखास भेटतील. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली. मुले १६०० मीटरची आणि मुली ८०० मीटरची वेळ लावून धावत असतात. डॉक्टरांनी 'रोज चाला' म्हणून बजावलेले मधुमेही आणि रक्तदाबवाले. हे मफलर गुंडाळून निघालेले असतात. आणि गल्लीतल्या चार-पाच जणी मिळून, साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर स्वेटर चढवून भरभर चालणाऱ्या बायका.

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून ही सगळी वर्दळ मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. किती चालावे, कधी धावावे, काय खावे, हे प्रश्न लोक मला नेहमी विचारतात. काय घालावे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो. बहुतेकांना वाटते, त्यात विचारायचे काय? 'हिव वाजून राह्यलं', मग जाड स्वेटर चढवा अन् निघा! तरुण मुलांचे उलटे. नुसत्या बनियनवर धावले म्हणजे अंग कणखर होते, अशी त्यांची समजूत. या दोन्ही टोकांमुळे कुणाची छाती भरते, कुणाची कंबर धरते, आणि आठ-पंधरा दिवसांत व्यायामच सुटतो. म्हणून आज थोडे कपड्यांविषयी बोलू. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, यासाठी महागडे कपडे लागत नाहीत. घरातल्याच कपड्यांतून योग्य ते निवडायचे असतात.

आपली थंडी कशी आहे?

आधी आपली थंडी ओळखली पाहिजे. वऱ्हाडची थंडी कोरडी आहे. आभाळ निरभ्र असते, हवेत दमट कमी असते, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. पारा सर्वांत खाली जातो तो मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या सुमारास. उत्तरेकडून गार वारे आले की पहाटे आठ-दहा अंशांवर येणारा पारा दुपारी सहज अठ्ठावीस-तीस अंशांवर चढतो. म्हणजे एकाच दिवसात वीस-वीस अंशांचा फरक. डोंगराळ मुलखातली थंडी दिवसभर अंगात मुरते. आपली थंडी सकाळी दोन-तीन तास चावते आणि उन्हाबरोबर पळते. त्यामुळे बर्फाच्या प्रदेशासाठी बनवलेले जाड जॅकेट आपल्याकडे अर्ध्या तासात ओझे होते. आपल्याला हवेत ते चढवता-उतरवता येणारे कपडे.

शरीर नावाची चूल

दुसरी गोष्ट आपल्या शरीराची. आपण स्वस्थ बसलेलो असतो तेव्हाही शरीर उष्णता तयार करत असते. साधारण जुन्या काळच्या शंभर वॅटच्या बल्बइतकी. भरभर चालू लागलो की ती तिप्पट ते पाचपट होते. दमदार धावताना आठ-दहा पटींवर जाते. याचे कारण असे, की स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पावभाग प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. उरलेला पाऊण भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. तालमीतला पैलवान भर थंडीत लंगोट लावून मेहनत करतो आणि तरी घामाने निथळतो, तो याच चुलीमुळे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून या भागाला व्यायामाची गोडी लावली. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकेही दाखवली. अशी परंपरा असलेल्या मुलखात ही गोष्ट नवी वाटायला नको.

यावरून पहिला नियम निघतो. कपडे निवडायचे ते घराच्या दारात वाजणाऱ्या थंडीसाठी नव्हे, व्यायाम सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी शरीर जसे असेल त्यासाठी. बाहेर पडताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर समजावे, एक कपडा जास्त झाला आहे. मैदानावर पोचेपर्यंत तो घामाने भिजणार.

भिजला तर काय बिघडले? बरेच बिघडते. पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. अंगाला चिकटलेला ओला कपडा म्हणजे शरीरातली ऊब बाहेर नेणारी वाटच. शिवाय घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. धावणे चालू असेपर्यंत चूल पेटलेली असते, म्हणून हा तोटा जाणवत नाही. थांबलो की काही मिनिटांत चूल मंदावते, पण ओला कपडा आपले काम करतच राहतो. मग हुडहुडी भरते. म्हणून थंडीतल्या व्यायामाचे सारे शास्त्र एका शब्दात सांगायचे, तर तो शब्द 'कोरडे' असा आहे. ऊब आपली आपण तयार होते. कोरडे राहण्याची सोय मात्र आपल्याला करावी लागते.

गोधडीचा धडा

ही सोय कशी करायची ते आपल्या आजीच्या गोधडीने केव्हाच सांगून ठेवले आहे. गोधडी उबदार का असते? तिच्यात लोकर नसते. जुन्या लुगड्या-धोतरांचे पातळ थर एकावर एक घालून टाके मारलेले असतात. ऊब देते ती त्या थरांमध्ये अडकलेली हवा. थांबलेली, न हलणारी हवा उष्णता फार सावकाश जाऊ देते. कापडाचे काम ती हवा धरून ठेवण्याचे. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी आजोळी वाढलेल्या गाडगेबाबांना त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रावरून लोक 'गोधडे महाराज'ही म्हणत. तेव्हा या भागाला गोधडीची थोरवी वेगळी सांगायला नको.

साहेबाच्या देशातही हेच दिसले. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेला जॉर्ज मॅलरी परत आला नाही. त्याचा देह १९९९ मध्ये सापडला. अंगावरच्या कपड्यांचे तुकडे अभ्यासून तसेच हुबेहूब कपडे शिवण्यात आले आणि २००६ मध्ये ते घालून प्रत्यक्ष एव्हरेस्टच्या अंगावर वावरून पाहण्यात आले. रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर एकावर एक आणि वरून वारा अडवणारे घट्ट विणीचे गॅबर्डिन, असा तो पोशाख होता. 'बिचारे साध्या कोटावर एव्हरेस्ट चढायला निघाले' अशी कल्पना करून घेतलेल्यांना तो चांगलाच हलका आणि उबदार निघाला.

तेव्हा एका जाड कपड्यापेक्षा दोन किंवा तीन पातळ कपडे केव्हाही बरे. त्यांचा दुसरा फायदा असा, की अंग तापले की एक काढून कंबरेला बांधता येतो. प्रत्येक थराचे काम वेगळे आहे. आतल्याने घाम अंगावरून उचलायचा, मधल्याने हवा धरायची, वरच्याने वारा अडवायचा. आपल्या थंडीत तिन्ही एकदम लागण्याचे दिवस थोडे. बहुतेक दिवशी दोन पुरतात.

कापसाच्या मुलखात कापसाविषयी

आता अंगालगतच्या कपड्याविषयी जरा नाजूक गोष्ट सांगायची आहे. आपण कापूस पिकवणारी माणसे. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी, आता बंद पडलेली शकुंतला रेल्वे इंग्रजांच्या काळात उभी राहिली ती या कापसाच्या जोरावर. सुती कपड्याइतके सुखाचे दुसरे काही नाही, असे आपण मानतो आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ते अगदी खरे आहे. सूत घाम शोषून धरते आणि हळूहळू वाळते, म्हणून अंग गार राहते. पण उन्हाळ्यातला हाच गुण थंडीतल्या धावण्यात दोष ठरतो.

वस्त्रशास्त्रात प्रत्येक धाग्याची ओल धरण्याची शक्ती मोजलेली असते. सर्वसाधारण दमट हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी धरतो, लोकर सोळा ग्रॅमच्या आसपास, तर पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. ही झाली नुसत्या हवेतली ओल. घाम थेट लागला की सुती धागा तो पोटात घेऊन फुगतो, कापड जड होते आणि अंगाला चिकटते. पॉलिस्टरचा धागा पाणी पीत नाही. खेळाच्या जर्सीचे विणकाम असे असते, की घाम धाग्यांच्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथे लवकर वाळतो. लोकर आणखी न्यारी. ती बरीच ओल पोटात घेते, पण तिचे धागे कुरळे आणि लवचीक असल्याने दमट झाल्यावरही त्यांच्यात हवा टिकून राहते.

याचा अर्थ सुती कपडे फेकून द्या, असा मुळीच नाही. तुम्ही रमतगमत किंवा मध्यम चालीने अर्धा तास चालत असाल आणि घाम फारसा येत नसेल, तर आत सुती बनियन अगदी चालेल. पण भरतीसाठी धावणाऱ्या मुलांनी, भरधाव सायकल चालवणाऱ्यांनी आणि ज्यांना मुळातच घाम जास्त येतो अशांनी आतून खेळाची पातळ जर्सी घालावी. अशी साधी जर्सी आता तालुक्याच्या बाजारातही मिळते, तीसाठी नावाजलेली कंपनी लागत नाही. जर्सी अंगाबरोबर बसणारी हवी. ढगळ असली की घाम उचलत नाही. आणि जर्सी नसेल तर? मग सुती बनियन घाला, पण दुसरी कोरडी बनियन पिशवीत ठेवा. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या अंगात असे ती जाळीची बनियन आठवते? तिला हसू नका. नॉर्वेच्या सैन्यातल्या हेन्रिक ब्रून नावाच्या अधिकाऱ्याने १९३३ साली मासे धरण्याच्या जाळ्यापासून तसलीच बंडी बनवली. भोकाभोकांत हवा अडकते म्हणून ऊब, आणि अंग तापले की त्याच भोकांतून वाफ बाहेर, असे तिचे दुहेरी काम. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या गिर्यारोहकांच्या अंगात अशा जाळीच्या बंड्या होत्या.

स्वेटर आणि वारा

मधला थर म्हणजे आपला स्वेटर. थंडी पडली की गावोगावी स्वेटरवाल्यांची दुकाने लागतात. तिथला बहुतेक माल ॲक्रिलिकचा, म्हणजे ज्याला आपण कॅशमिलॉन म्हणतो त्या कृत्रिम धाग्याचा असतो. तो खऱ्या लोकरीइतका गुणी नसला तरी हलका असतो, लवकर वाळतो, आणि आपल्या थंडीला पुरतो. निवडताना दोन गोष्टी पाहा. एक, तो पुढून उघडणारा असावा, बटणांचा किंवा चेनचा. डोक्यातून घालायचा स्वेटर रस्त्यात काढणे अवघड जाते, म्हणून लोक तो काढतच नाहीत आणि आत घामाघूम होतात. पुढून उघडणारा स्वेटर चालता चालता अर्धा उघडता येतो. दोन, तो पातळ असावा. चालणाऱ्याला बिनबाह्यांचा स्वेटरही पुष्कळ होतो, कारण पोट-छाती उबदार राहिली की हात हलवण्यातून आपोआप तापतात.

स्वेटरचा एक दोष आहे. त्याच्या विणीतून वारा सरळ आत शिरतो आणि अडकलेली हवा उडवून लावतो. वाऱ्याने थंडी किती वाढते, हे पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी १९४१ साली अंटार्क्टिकावर, उघड्यावर टांगलेल्या डबीतले पाणी किती वेळात गोठते ते मोजून तपासले. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने त्याचे सुधारित सूत्र स्वीकारले. त्या सूत्राने हिशेब केला, तर आठ अंशांच्या थंडीत ताशी वीस किलोमीटरचा वारा लागला की उघड्या कातडीला ती सुमारे पाच अंशांसारखी वाटते. आणि हा वारा बाहेरूनच यायला हवा असे नाही. सायकलवाला स्वतःच्या वेगाने तो तयार करतो. म्हणून सायकल चालवणाऱ्यांनी स्वेटरवर वारा अडवणारे पातळ, अस्तर नसलेले जॅकेट घालावे. चालणाऱ्यांना वारा नसेल त्या दिवशी त्याची गरज नाही.

जॅकेट नसेल तर एक जुनी युक्ती सांगतो. युरोपातले सायकलपटू डोंगराच्या उतारावर वेगाने खाली येताना जर्सीच्या आत, छातीवर, वर्तमानपत्राची घडी घालत. कागद वारा अडवतो आणि घडीघडीत हवा धरतो. हा उपाय सायकलवरून पहाटे दूध घालणाऱ्या माणसालाही तेवढाच उपयोगी आहे. आजची पुरवणी वाचून झाली की उद्या सकाळी ती या कामी आणायला हरकत नाही!

कान, नाक, हात आणि पाय

शरीराला थंडी लागली की ते आधी कातडीतल्या, विशेषतः बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळते. मधल्या भागाची, म्हणजे हृदय-फुप्फुसांची ऊब जपण्याची ही युक्ती. म्हणूनच बोटे बधिर होतात. 'शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते' असे आपण ऐकत आलो आहोत; ते मात्र खरे नाही. डोके हा शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा हिस्सा, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. तरीही डोके-कान झाकावेत, कारण चेहरा आणि कान यांना थंडी फार जाणवते, आणि कानटोपी हा काढून खिशात टाकता येणारा सर्वांत सोपा कपडा आहे. अंग तापले की आधी टोपी काढावी, मग स्वेटर.

मफलर किंवा दुपट्टा नाकावरून सैल घेतला तर श्वासाची हवा थोडी ऊबदार आणि दमट होऊन आत जाते. दमा असलेल्यांना कोरडी गार हवा बाधते, त्यांना याचा विशेष उपयोग. मात्र दोन गोष्टी सांभाळा. दुपट्ट्याची टोके नीट खोचा. सायकलच्या किंवा मोटारसायकलच्या चाकात टोक अडकून गळा आवळला जाऊ शकतो. आणि कान इतके गुंडाळू नका, की मागून येणाऱ्या गाडीचा आवाजच कळणार नाही.

हातांसाठी साधे लोकरी मोजे पुरतात. पायांत चपला घालून थंडीत भरभर चालू नये; बोटे गारठली की पाऊल नीट पडत नाही आणि खड्ड्यात पाय मुरगळतो. बूट आणि कोरडे पायमोजे हवेत. एकावर एक दोन पायमोजे घातल्याने बूट घट्ट होत असतील तर उपयोगापेक्षा अपाय जास्त. दाबलेल्या पायात रक्त कमी येते आणि पाय अधिकच गार पडतात.

साडी नेसून फिरायला जाणाऱ्या भगिनींना एक सुचवावेसे वाटते. वरून स्वेटर आणि खाली वाऱ्याला मोकळे पाय, असे साडीत होते, आणि पायांत निऱ्या येतात त्या वेगळ्याच. शक्य असेल तर सलवार-कुर्ता किंवा ट्रॅक पँट घालावी. साडीच नेसायची असेल तर ती जरा वर नेसून आत लेगिंग घालावी, आणि शालीऐवजी बटणांचा स्वेटर वापरावा; शाल धरण्यात एक हात अडकतो आणि चालण्याची लय जाते.

काळ्या जॅकेटचा धोका

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि तो थंडीचा नाही, अंधाराचा आहे. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य उगवतो तो सातला सात-आठ मिनिटे कमी असताना. जानेवारीच्या मध्याला तर सातच वाजतात. पहाटे पाचला निघणारा माणूस जवळजवळ पूर्ण व्यायाम अंधारात करतो. आणि हिवाळी कपडे बघा, बहुतेक काळे, निळे, करडे, तपकिरी. मळखाऊ रंग म्हणून आपण ते घेतो.

आपल्या भागातून अमरावती-अकोला महामार्ग जातो. याच मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला तसा गाड्यांचा वेगही वाढला. ताशी ऐंशी किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर अंतर तोडते. समोर माणूस आहे हे लक्षात येऊन चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तीसएक मीटर निघून जातात. गाडी थांबायला लागणारे अंतर त्यानंतरचे. त्यात धुके किंवा शेकोट्यांचा धूर असेल तर विचारायलाच नको. काळ्या जॅकेटातला माणूस दिव्यांच्या उजेडात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आपल्याला गाडी लांबून दिसते, म्हणून आपणही गाडीवाल्याला दिसत असू, असे वाटते. हा भ्रम जिवावर बेततो.

म्हणून सर्वांत वरचा कपडा पांढरा, पिवळा किंवा भगवा असावा. त्याहून चांगली ती चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी, जी ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे लावतात. कापडाची अशी पट्टी शिंप्याकडून शिवून घेता येते. ती केवळ छातीवर न लावता घोट्यांवर आणि मनगटांवर लावावी. घोटे-मनगटे हलतात, आणि त्या हलण्यावरून चालकाला 'हा माणूस आहे' हे पटकन कळते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आणि महामार्गावर धावूच नका, हे तर आहेच. शाळेचे मैदान, वस्तीतला रस्ता काय वाईट? जावेच लागले तर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने, एकामागे एक चाला. कानात गाण्यांची बोंडे नकोत.

वय झालेल्यांसाठी

थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या की रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात गरम अंथरुणातून उठून एकदम गार हवेत भरभर चालायला लागलो तर तो भार दुप्पट. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी थंडीच्या दिवसांत पहाटेचा हट्ट सोडावा. साडेसात-आठला कोवळ्या उन्हात निघावे. तेवढाच व्यायाम, तेवढाच लाभ, आणि एक कपडाही कमी लागतो. 'चाळीस वर्षे पाचला उठतो' हे कौतुकाचे आहे. उठावे पाचला, पण घरातच हातपाय मोकळे करावेत. चालताना छातीत दाटले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर 'थंडीने झाले असेल' म्हणून पुढे जाऊ नये. थांबून लगेच दवाखाना गाठावा.

वय झाल्यावर थंडीची जाणीवही मंदावते, म्हणून ज्येष्ठांनी तरुणांपेक्षा एक पातळ थर जास्त ठेवावा. मधुमेह्यांनी पायांची जास्त काळजी घ्यावी. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना ना गारठा कळतो, ना चटका. फिरून आल्यावर शेकोटीशी पाय शेकताना अशी माणसे भाजून घेतात आणि ते दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर कळते. त्यांनी शेकण्याऐवजी कोरडे, सैल पायमोजे घालावेत, आणि बूट काढल्यावर पाय रोज पाहावेत.

घाम काढण्याचा नाद

वजन उतरवायचे म्हणून काही जण प्लॅस्टिकसारखा, हवा न जाणारा सूट घालून धावतात. भरपूर घाम निघतो, काट्यावर किलोभर कमीही दिसते. पण ते पाणी आहे, चरबी नव्हे. दोन तांबे पाणी प्यायले की वजन परत येते. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर कमी वजनगटात बसण्यासाठी असेच सूट घालून मेहनत करताना दगावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने या सूटवर बंदी घातली. भरतीच्या किंवा कुस्तीच्या तयारीतल्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. थंडीतही तहान भागेल इतके पाणी प्यावे. गार हवेत तहान कमी लागते, घाम मात्र जातच असतो.

थांबल्यानंतरची दहा मिनिटे

थंडी खरी बाधते ती व्यायाम चालू असताना नव्हे, तो संपल्यावर. मुले धावून येतात, ओल्या टी-शर्टवर मोटारसायकलला टेकून गप्पा मारत बसतात, मग तसेच वाऱ्यातून गाडीवर घरी. चालणारी मंडळी चहाच्या टपरीवर अर्धा तास रेंगाळतात. तालमीतले जुने वस्ताद मेहनत संपली की अंगाला वारा लागू देत नसत. घाम पुसायला लावून अंगावर चादर घ्यायला लावत. ते अगदी शास्त्राला धरून होते.

धावणाऱ्या मुलांनी क्रम असा ठेवावा. सुरुवातीच्या हलक्या दौडीला आणि ताण देण्याच्या व्यायामाला अंगावर जॅकेट असू द्यावे, कारण गारठलेले स्नायू सावकाश आकसतात आणि लवकर दुखावतात. अंग तापले की जॅकेट काढून वेळ लावून धावावे. संपल्यावर थोडे चालावे, घाम टॉवेलने कोरडा करावा, ओली जर्सी काढून कोरडी बनियन घालावी आणि लगेच जॅकेट चढवावे. गप्पा त्यानंतर. म्हणजे पिशवीत फक्त तीन वस्तू लागतात : टॉवेल, कोरडी बनियन आणि पाण्याची बाटली.

शेवटी, उद्या सकाळी निघताना स्वतःला चार प्रश्न विचारा. दारात किंचित थंडी वाजते आहे ना? वरचा कपडा चालता चालता काढता येईल ना? अंधारात मी गाडीवाल्याला दिसेन ना? परतल्यावर अंगात घालायला कोरडे काही आहे ना? चारही उत्तरे 'हो' असतील, तर तुमचे कपडे बरोबर आहेत, मग ते कितीही जुने असोत. वऱ्हाडची थंडी चार दिवसांची पाहुणी आहे. फेब्रुवारीत ती निघून जाईल आणि पाठोपाठ ऊन आपला ताबा घेईल. ती आहे तोवर तिचा लाभ घ्या. कोरडे राहा, दिसत राहा आणि चालत राहा.